पाऊण वेढा : १९७१ च्या शेवरोले सी-१० पिकअपची उंची कमी करण्याचे एक प्रकरण

गाडी कॅलिफोर्नियातील, १९७१ सालची, लांब हौद्याची शेवरोले सी-१०, आठ सिलिंडरच्या इंजिनाची आणि मागच्याच चाकांना ओढ देणारी. मालक माझे शेजारी. त्यांनी ती आदल्या मालकाकडून 'खाली बसवलेली' अशीच विकत घेतली होती. त्यांची तक्रार दोन वाक्यांची होती. महामार्गावरील काँक्रीटच्या प्रत्येक सांध्यावर पुढचा भाग हातोडा मारल्यासारखा आपटतो, आणि गाडी सरळ उभी असतानाही डाव्या खांद्यावर झुकलेली दिसते. उंची पुन्हा वाढवण्याची त्यांची इच्छा मुळीच नव्हती. पुढून सुमारे चार इंच, म्हणजे १०२ मि.मी. खाली, हे रूप त्यांना हवेच होते. फक्त ते गाडीला सोसवेल अशा रीतीने हवे होते.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी तिची बैठक सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सर्व निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. आपल्याकडे पिकअप म्हटले की मागे पाटे असणार हे गृहीतच असते, आणि गॅरेजमध्ये पिकअप येते ती बहुधा पाटा वाढवून घेण्यासाठी. १९६७ ते १९७२ या काळातील सी-१० मध्ये मात्र चारही चाकांवर कॉइल स्प्रिंग असतात. पुढे वरचा आणि खालचा असे दोन आर्म, म्हणजे चाकाला चासीशी जोडणाऱ्या वर-खाली हलणाऱ्या भुजा, असून स्प्रिंग खालच्या आर्मवर उभी असते. मागे दोन लांब ट्रेलिंग आर्म चासीच्या मध्यभागाजवळील आडव्या तुळईपासून निघून आसापर्यंत जातात, स्प्रिंग त्या आर्मवर बसते आणि आस आडवा सरकू नये म्हणून एक पॅनहार्ड रॉड असतो. ही मागची रचना शेवरोलेने १९६० मध्ये आणली, आणि ती इतकी साधी व भरवशाची निघाली की अमेरिकेतील नॅसकार मोटार शर्यतींच्या सर्वोच्च वर्गातील गाड्या २०२१ च्या हंगामापर्यंत याच ट्रकच्या आर्मच्या वंशजांवर धावत होत्या. १९७१ हे वर्ष आमच्या दृष्टीने आणखी एका कारणासाठी सोयीचे होते. त्या वर्षी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले, त्यामुळे उंची कमी करणारे तयार स्पिंडल, म्हणजे चाक ज्याच्या खुंट्यावर फिरते तो भाग, कोणतीही जुळवाजुळव न करता बसतात.

गाडी सपाट फरशीवर उभी करून, टायरमधील हवा समान करून मोजमाप घेतले. चाकाच्या मध्यापासून चाकावरील कमानीपर्यंतचे अंतर डावीकडे उजवीपेक्षा १९ मि.मी. कमी भरले. डावा बंप स्टॉप, म्हणजे आर्म चासीवर आपटू नये म्हणून बसवलेला रबरी ठोकळा, आधीच टेकलेला होता. उजवीकडे जेमतेम ९ मि.मी. फट होती. इथे मालकांच्या पहिल्या तक्रारीचे उत्तर मिळाले. गाडी स्प्रिंगवर नव्हे, रबराच्या ठोकळ्यावर चालत होती. स्प्रिंग कडक आहे म्हणून धक्का बसतो असे त्यांना वाटत होते आणि ते मऊ शॉकॲब्सॉर्बर विकत घेण्याच्या बेतात होते. त्याने काहीही फरक पडला नसता.

गाडी जॅकवर उचलून चाके लोंबकळू दिली तेव्हा दुसरी गोष्ट दिसली, आणि ती मला पहिलीपेक्षा अधिक काळजीची वाटली. डावी स्प्रिंग तिच्या वाटीत चक्क सैल झाली होती; बोटांनी फिरवता येत होती. तिच्या दोन वेढ्यांवरील रंग जळून काळी पापडी आली होती आणि ते दोन्ही वेढे एकमेकांना चिकटून बसले होते. आदल्या मालकाने स्प्रिंग कापली नव्हती. गाडीखाली शिरून गॅसच्या ज्योतीने ती लाल होईपर्यंत तापवली होती आणि गाडीच्या वजनानेच तिला खाली बसू दिले होते.

हा उपाय जगभर का चालतो ते समजण्यासारखे आहे : काहीही खोलावे लागत नाही आणि पाच मिनिटांत गाडी खाली येते. परंतु स्प्रिंगचे पोलाद विशिष्ट तापमानाला पाणी देऊन, नंतर साधारण चारशे ते पाचशे अंश सेल्सिअसला पुन्हा तापवून कमावलेले असते. लाल होईपर्यंत, म्हणजे सातशे अंशांच्या आसपास, तापवले की ती कमाई त्या जागी नाहीशी होते. तेवढा भाग नरम पडतो आणि पुढेही हळूहळू दबत राहतो. त्यावर कोणी पाणी ओतले तर उलट तो काचेसारखा ठिसूळ होतो. डाव्या-उजव्या बाजूला उष्णता सारखी देणे हाताच्या कौशल्यावर सोडलेले, म्हणून १९ मि.मी.चा झुकाव. शिवाय चिकटलेले वेढे काम करत नाहीत, त्यामुळे डावी स्प्रिंग उजवीपेक्षा कडकही झाली होती. या जोडीला वाचवण्यासारखे काही उरले नव्हते. मूळ मापाची नवी जोडी मागवली आणि आकडेमोड तिच्यावर सुरू केली.

नव्या स्प्रिंगची तार १७ मि.मी. जाडीची, वेढ्याचा सरासरी व्यास १२० मि.मी., काम करणारे वेढे ८ आणि मोकळी लांबी ३८४ मि.मी. होती. या मापांवरून तिचा कडकपणा मि.मी.ला ६.०५ किलो इतका निघतो. पुढच्या आसावर वजनकाट्याने ८९० किलो दाखवले. एका चाकाचे ४४५, त्यातून चाक, डिस्क आणि आर्मचा स्वतःचा भार ४५ किलो वजा केला तर स्प्रिंगने तोलायचे वजन ४०० किलो उरते. मात्र स्प्रिंग चाकावर नसून आर्मच्या साधारण मध्यावर उभी असते. चाक १०० मि.मी. हलले तर या गाडीत स्प्रिंग ५५ मि.मी. हलते, म्हणून स्प्रिंगवर येणारा भार ४०० भागिले ०.५५, म्हणजे सुमारे ७२७ किलो. त्याखाली ती १२० मि.मी. दबते आणि २६४ मि.मी. लांबीवर स्थिरावते.

आता एक वेढा कापला तर गाडी किती खाली येईल? इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. मोकळ्या स्प्रिंगमध्ये दोन वेढ्यांतील अंतर सुमारे ४३ मि.मी. आहे, ते ०.५५ ने भागले की ७८ मि.मी. येतात, आणि एक वेढा म्हणजे तीन इंच असे अनुमान बांधले जाते. प्रत्यक्षात वेढे कमी झाले की स्प्रिंग त्याच प्रमाणात कडक होते आणि तेवढ्याच भाराखाली कमी दबते. लांब गणित टाळायचे असेल तर कापायचा वेढा गाडीच्या भाराखाली असताना मोजावा. भाराखाली प्रत्येक वेढा १५ मि.मी. दबलेला असतो, त्यामुळे त्याची उरलेली उंची २८ मि.मी.च असते आणि उंचीतून वजा होते ती एवढीच. २८ भागिले ०.५५ म्हणजे ५१ मि.मी. पूर्ण एक वेढा कापल्यावर गाडी दोन इंच खाली येते, तीन नव्हे. तीन इंचांच्या आशेने कापणारा माणूस मग दुसरा वेढाही कापतो, आणि बिघाड सुरू होतो तो तिथून.

मालकांचा प्रस्ताव अर्थातच हाच होता. एका वेढ्याला दोन इंच, तर दोन वेढे कापा आणि चार इंच मिळवा. आकडा बरोबर येत होता. पण कागदावर आणखी दोन मापे मांडली तेव्हा तो बेत मागे पडला. एक म्हणजे बंप स्टॉपपर्यंतचे अंतर. मूळ उंचीवर चाक वर जाण्यासाठी ७० मि.मी. जागा होती; गाडी स्प्रिंगनेच १०२ मि.मी. खाली आणली तर ती उणे ठरते, म्हणजे गाडी पुन्हा रबरावरच. स्टॉप कापून काही जागा मिळाली असती, परंतु तीही पुरेशी नव्हती. दुसरे माप अधिक निर्णायक होते. चाक पूर्ण लोंबकळले की या गाडीत वरच्या व खालच्या वाटीतील अंतर ३१४ मि.मी. होते. दोन वेढे कापलेल्या स्प्रिंगची मोकळी लांबी २९८ मि.मी. राहिली असती. म्हणजे खड्ड्यात किंवा उंचवट्यावर चाक हवेत लटकले की स्प्रिंग १६ मि.मी. सैल, आणि परत भार येताना ती वाटीत नीट बसेलच याची शाश्वती नाही. आदल्या मालकाच्या डाव्या स्प्रिंगची तीच अवस्था आम्ही बोटांनी अनुभवली होती.

शेवटी उंची दोन ठिकाणांहून काढण्याचे ठरले. उंची कमी करणाऱ्या स्पिंडलमध्ये चाकाचा खुंटा मूळ जागेपेक्षा अडीच इंच, म्हणजे ६४ मि.मी. वर बसवलेला असतो. आर्म, स्प्रिंग आणि बंप स्टॉप यांना गाडी खाली आल्याचे कळतही नाही. उरलेले ३८ मि.मी. स्प्रिंगमधून काढायचे, आणि त्यासाठी लागतो ०.७५ वेढा : पाऊण. पाऊण वेढा कापल्यावर मोकळी लांबी ३५२ मि.मी. राहते, म्हणजे चाक लोंबकळत असतानाही स्प्रिंग ३८ मि.मी. दबलेली आणि अडीचशे किलोंनी वाटीत रुतलेली. कडकपणा ६.०५ वरून ६.६८ होतो, दहा टक्क्यांची ही वाढ गाडी खाली आल्यावर हवीहवीशीच असते. वर ३२ मि.मी. जागा उरली आणि कमी उंचीचे स्टॉप बसवून ती आणखी थोडी वाढली.

काही जण विचारतील की मग स्प्रिंग कापलीच कशाला, खाली बसणारी तयार स्प्रिंग घेता आली असती. घेता आली असती. पण तयार स्प्रिंग एक, दोन किंवा तीन इंच अशा ठरावीक पायऱ्यांत मिळतात, आणि आम्हाला दीड इंच हवे होते. शिवाय थंड कापलेल्या वेढ्याबद्दलची भीती अस्थानी आहे असे माझे मत आहे. तारेवर येणारा ताण भारावर, तारेच्या जाडीवर आणि वेढ्याच्या व्यासावर ठरतो. वेढ्यांची संख्या त्यात येतच नाही. उभ्या गाडीत कापलेल्या स्प्रिंगच्या तारेला मूळ स्प्रिंगइतकाच ताण असतो. बदनामी झाली ती ज्योतीमुळे आणि लोभामुळे.

कापण्याआधी स्प्रिंग बाहेर काढणे हे या कामातील सर्वांत जोखमीचे पाऊल आहे. गाडीत मूळ मापाची स्प्रिंग असेल तर ती चाक लोंबकळत असतानाही ७० मि.मी. दबलेली, म्हणजे सव्वाचारशे किलो जोराने ताटकळत असते, आणि ती निसटली तर हात राहत नाही. चासी स्टँडवर पक्की ठेवली, स्प्रिंगला जाड साखळीने खालच्या आर्मशी बांधले, शॉकॲब्सॉर्बर काढून आतून स्प्रिंग दाबणारे अवजार घातले आणि आर्मखाली जॅक लावला. बॉल जॉइंटचे, म्हणजे आर्म आणि स्पिंडल यांना जोडणाऱ्या गोल सांध्याचे, नट पूर्ण न काढता तीन-चार आटे धरून ठेवले; बाजूने हातोड्याचे ठोके दिल्यावर शंकू सुटतो तेव्हा हेच आटे आर्मला अडवतात. त्यानंतर जॅकवर पुन्हा भार घेऊन नट काढले आणि जॅक इंचाइंचाने खाली सोडला. मालक मदतीला होते. स्प्रिंगच्या समोर न उभे राहण्याची सूचना त्यांना तीन वेळा द्यावी लागली.

नव्या स्प्रिंगवर खडूने पाऊण वेढा आखला. दोन्ही स्प्रिंग शेजारी उभ्या करून खुणा जुळतात का ते पाहिले आणि ग्राइंडरच्या पातळ चकतीने, मधूनमधून थांबत, हात लावता येईल इतपतच गरम होऊ देत कापल्या. गॅस कटरने कापले असते तर आम्ही आदल्या मालकाचीच चूक छोट्या प्रमाणात केली असती. कापलेली कड कानशीने गोल केली. कोणते टोक कापायचे हा प्रश्न बसणीवरून सुटतो. आमच्या स्प्रिंगचे वरचे टोक सपाट असून वरच्या वाटीत रबरी गादीवर बसत होते, तर खालच्या वाटीत टोक अडण्यासाठी पायरी होती. म्हणून खालचे मोकळे टोक कापले आणि नवे टोक त्या पायरीला भिडेल अशा बेताने स्प्रिंग फिरवून बसवली.

मागच्या स्प्रिंगांना मात्र हात लावला नाही. त्यांचे टोकाचे वेढे वर-खाली पट्टी आणि बोल्ट यांनी आवळलेले असतात. कापलेले टोक त्या पकडीत बसत नाही. मागे चार इंच कमी उंचीची तयार जोडी घेतली. इथे प्रश्न ओझ्याचा होता. आस आणि बंप स्टॉप यांतील मूळ १५० मि.मी. जागेतून १०२ गेल्यावर ४८ उरतात. नव्या स्प्रिंगचा कडकपणा मि.मी.ला साधारण साडेतीन किलो. मालक शनिवार-रविवारी बागकामाचे सामान नेतात, कधी अडीचशे किलोपर्यंत. प्रत्येक बाजूला सव्वाशे किलो म्हणजे ३५ मि.मी. दबणार, आणि उरलेल्या १३ मि.मी.मध्ये रस्ता सांभाळायचा, हे पटण्यासारखे नव्हते. चासीला आसावर अर्धगोल खाच पाडून जागा वाढवता येते, परंतु पन्नास वर्षांहून जुन्या, कडांना गंज धरलेल्या चासीला कापून पुन्हा सांधणे मला या उंचीसाठी अनावश्यक वाटले. मालकांनी ओझ्याची मर्यादा दीडशे किलोवर आणणे पसंत केले आणि ती मोठ्या अक्षरांत लिहून चिठ्ठी ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवली. दारावरील पाटीतला भाराचा आकडा आता या गाडीचा राहिलेला नाही, हे पुढच्या मालकालाही कळले पाहिजे.

उंची मनासारखी आली. चारही कमानी ५ मि.मी.च्या आत जुळल्या. तरीही पहिल्या फेरीत दोन दोष निघाले आणि त्यातील एक सर्वस्वी माझ्या विसरण्याचा होता. मागे चालणाऱ्या गाडीतून पाहिले तर पिकअप किंचित तिरकी धावते असे दिसे. पॅनहार्ड रॉड आम्ही मूळचाच ठेवला होता. सुमारे ६०० मि.मी. लांबीचा हा रॉड मूळ उंचीवर जवळजवळ आडवा होता. आस १०२ मि.मी. वर गेल्याने तो तिरपा झाला आणि त्याचे आडवे अंतर घटले. १०२ चा वर्ग भागिले १२००, म्हणजे सुमारे ९ मि.मी. इतका आस रॉडच्या चासीकडील टोकाच्या दिशेने ओढला गेला होता. डाव्या-उजव्या कमानीतून टायर बाहेर दिसण्यात १७ मि.मी.चा फरक पडतो तो यामुळेच. लांबी बदलता येणारा रॉड बसवून आस मध्यावर आणला.

दुसरा दोष ताशी ५५ मैलांच्या आसपास जाणवणारी घरघर हा होता. ट्रेलिंग आर्म आसाला यू-बोल्टने घट्ट बांधलेले असल्यामुळे आर्म जितका फिरतो तितकेच डिफरन्शियलही, म्हणजे आसाच्या मध्यावरील गिअरची पेटीही, फिरते. सव्वा मीटर लांबीच्या आर्मचे मागचे टोक १०२ मि.मी. वर गेले की तो सुमारे ४.७ अंश फिरतो आणि डिफरन्शियलचे नाक तेवढे खाली वळते. लांब हौद्याच्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ओढ मागे नेणारा फिरता दांडा, दोन तुकड्यांचा असून मध्ये टेकूचे बेअरिंग असते, त्यामुळे हा सगळा बदल एकट्या मागच्या तुकड्याच्या सांध्यांवर येतो. आर्म आणि आस यांच्यामध्ये तीन अंशांच्या पाचरी घातल्या.

पुढच्या चाकांचे अलाइनमेंट तर करावेच लागले. आर्म ३८ मि.मी. वर वळल्याने चाके वरच्या बाजूने आत झुकली होती. वरच्या आर्मच्या दांड्यामागील पातळ पट्ट्या कमी-जास्त करून ती सरळ केली. दिवे खाली पाहत नव्हते, कारण पुढचा व मागचा भाग सारखाच उतरला होता.

कायद्याचा विचारही सांगायला हवा. गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या तळापेक्षा खाली येऊ नये, असा कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेतील कलम २४००८ चा दंडक होता. तो १ जानेवारी २०२४ पासून रद्द झाला आहे. आम्ही मात्र तो मापदंड म्हणून पाळला. टायरमधील हवा अचानक गेली आणि गाडी रिमवर आली तर आर्म किंवा बॉल जॉइंट रस्त्याला घासता कामा नये, एवढाच त्याचा अर्थ, आणि पुढच्या रिमच्या तळापासून दोरी ताणून तो पाच मिनिटांत तपासता येतो. पुण्यात किंवा नाशकात हे वाचून कोणी ग्राइंडर उचलण्याच्या विचारात असेल, तर आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या रचनेपासून दूर जाणाऱ्या फेरबदलांना मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तसे स्पष्टही केले आहे, हे लक्षात असावे.

पाचशे मैलांनंतर मालक गाडी पुन्हा घेऊन आले. घरघर गेली होती. नव्या स्प्रिंग बसून पुढचा भाग आणखी ६ मि.मी. उतरला होता, दोन्ही बाजूंना सारखाच, आणि बंप स्टॉपच्या रबरावर लावलेली खडूची पूड एका कोपऱ्यात पुसली गेली होती. ते कुठे आपटले हे मालकांना आठवत होते : त्यांच्याच घरासमोरील उतारावर, मागे तीनशे किलो माती भरलेली असताना.